विश्लेषण : विंडोज सुरू होते, लिनक्स होत नाही... मग ‘फॉरमॅट’च का मारायचे?

मायक्रोसॉफ्टने १३ ऑगस्ट २०२४ रोजी विंडोजसाठी नेहमीचे मासिक सुरक्षा अपडेट जारी केले. ज्यांच्या संगणकात फक्त विंडोज होते, त्यांना काही जाणवलेही नाही. पण एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली ठेवणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यानंतर लिनक्स निवडले, तेव्हा काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. पहिलीचा अर्थ, सुरक्षा धोरणाचा भंग झाला आहे. दुसरीचा अर्थ, काहीतरी फारच बिघडले आहे. काही सेकंदांत संगणक बंद. पुन्हा सुरू केला तरी तेच. विंडोज मात्र व्यवस्थित चालू.

अशा वेळी आपल्याकडचा मार्ग ठरलेला आहे. लॅपटॉप दुकानात जातो, ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे वाक्य ऐकू येते आणि संध्याकाळपर्यंत नवेकोरे विंडोज टाकून तो परत मिळतो. लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असलेला प्रोजेक्टचा कोड, प्रबंधाचा मसुदा, दोन वर्षांच्या नोंदी, सगळे त्या संध्याकाळी गेलेले असते. वास्तविक ऑगस्टमधल्या त्या अपडेटने कोणाची एकही फाइल पुसलेली नव्हती. घर शाबूत होते, सामान जागच्या जागी होते. दारावरचा पहारेकरी तेवढा आत सोडत नव्हता.

दोन प्रणाली एकत्र नांदतात कशा?

एका वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत, तशी ही रचना असते. डिस्कचे भाग पाडलेले असतात. एका भागात विंडोज राहते, दुसऱ्यात लिनक्स. दोघांचे सामान वेगळे, पण वाड्याचा दरवाजा एकच. संगणक चालू केल्यावर आधी मदरबोर्डवरचे फर्मवेअर जागे होते. त्याला बोलीभाषेत अजून ‘बायॉस’ म्हणतात, जरी गेल्या दशकभरातल्या बहुतेक यंत्रांत त्याची जागा ‘यूईएफआय’ने घेतली असली तरी. हे फर्मवेअर डिस्कवरच्या एका छोट्या सामाईक पार्टिशनमध्ये डोकावते. विंडोजने ते स्वतः तयार केले असेल तर ते बहुधा १०० एमबीचे असते. त्यात प्रत्येक प्रणालीचा एकेक फोल्डर आणि त्यात ती प्रणाली सुरू करणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. कोणता प्रोग्रॅम आधी चालवायचा याची यादी मात्र डिस्कवर नसते, ती मदरबोर्डवरच्या स्मृतीत असते.

दोन्ही प्रणाली असलेल्या संगणकात पहिला मान साधारणपणे लिनक्सच्या ‘ग्रब’ या प्रोग्रॅमला दिलेला असतो. तो पडद्यावर यादी दाखवतो आणि वापरणारा त्यातून विंडोज किंवा लिनक्स निवडतो.

जुन्या यंत्रांत हा कारभार डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या तुकड्यात चाले. नंतर विंडोज टाकले की तो तुकडा ते बिनदिक्कत आपल्या नावावर करून घेई आणि लिनक्सचा रस्ता बंद होई. म्हणूनच ‘आधी विंडोज टाका, मग लिनक्स’ हा सल्ला पडला. यूईएफआयमुळे प्रत्येकाला स्वतःचा फोल्डर मिळाला आणि ही भांडणे बरीच कमी झाली. पण मिटली नाहीत.

एक गोष्ट येथे पक्की लक्षात ठेवण्यासारखी आहे. एक प्रणाली सुरू न होणे हा बहुतेक वेळा दरवाज्याचा बिघाड असतो, बिऱ्हाडाचा नव्हे. फाइली ज्या पार्टिशनमध्ये असतात, त्याला धक्काही लागलेला नसतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये नेमके काय घडले?

२०१२ मध्ये विंडोज ८ आले, त्याबरोबर नव्या संगणकांत ‘सिक्युअर बूट’ ही सोय आली. संगणक सुरू होताना चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमवर विश्वासू संस्थेची डिजिटल सही आहे का, हे फर्मवेअर तपासते. सही नसेल तर प्रोग्रॅम चालत नाही. प्रणाली सुरू होण्याआधीच घुसणाऱ्या घातक प्रोग्रॅमना अडवण्यासाठी हे गरजेचे होते. अडचण एवढीच की बाजारातल्या जवळपास सर्व संगणकांत ओळखली जाणारी सही मायक्रोसॉफ्टची. मग लिनक्सने काय करायचे? त्यावर तोडगा म्हणून ‘शिम’ हा अगदी छोटा प्रोग्रॅम निघाला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घ्यायची, आणि पुढे ग्रब आणि लिनक्स यांची ओळख शिमने पटवायची. म्हणजे फर्मवेअर शिमला ओळखते, शिम ग्रबला, ग्रब लिनक्सला.

या साखळीत कच्चा दुवा निघाला तर जुनी सही रद्द करावी लागते. २०२० मध्ये ग्रबमध्ये ‘बूटहोल’ नावाची मोठी त्रुटी सापडली. तेव्हा तीन प्रमाणपत्रे आणि दीडशे फाइलींचे ठसे काळ्या यादीत टाकावे लागले. या यादीसाठी मदरबोर्डवर साधारण ३२ केबी जागा असते. एकाच प्रकरणात तिचा सुमारे तिसरा हिस्सा संपला. अशी आणखी दोन-तीन प्रकरणे झाली असती तर जागाच उरली नसती. म्हणून ‘एसबॅट’ ही पद्धत आली. प्रत्येक फाइलचे नाव लिहिण्याऐवजी पिढीचा क्रमांक द्यायचा आणि ‘या क्रमांकाच्या आतले कोणीही नको’ असा एकच नियम मदरबोर्डवर लिहून ठेवायचा. कल्पना साधी आणि चांगली.

ऑगस्टच्या अपडेटने हाच नियम कडक केला. निमित्त होते ग्रबमधल्या २०२२ च्या एका त्रुटीचे, जिची तीव्रता १० पैकी ८.६ मानली गेली होती. हा बदल विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या संगणकांना लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने आधीच सांगितले होते. प्रत्यक्षात दोन प्रणाली आहेत हे ओळखण्याची त्यांची तपासणी काही संगणकांवर चुकली. नियम लागू झाला, संगणकातली शिम जुन्या पिढीची ठरली आणि दार बंद झाले. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट, झोरिन, पपी अशा वेगवेगळ्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या तक्रारी आल्या. कहर म्हणजे अडीनडीला हाताशी असावा म्हणून ठेवलेला लिनक्सचा जुना पेनड्राइव्हही त्याच नियमात अडकला आणि सुरू होईना.

येथे ‘फॉरमॅट’चा फोलपणा सर्वांत स्पष्ट दिसतो. तो नियम डिस्कवर नव्हताच. तो मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिलेला होता. डिस्क पूर्ण पुसून तीच जुनी लिनक्स पुन्हा टाकली असती, तरी त्याच दोन ओळी पुन्हा आल्या असत्या. फाइली मात्र गेल्या असत्या.

चूक कोणाची?

मायक्रोसॉफ्टचे अपडेट अनाठायी नव्हते. त्रुटी खरी होती आणि गंभीर होती. नवी शिम आपल्या सर्व वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवण्यात लिनक्सच्या काही आवृत्त्यांनी दिरंगाई केली, हेही खरे. पण दुसऱ्याच्या घराची किल्ली ज्याच्या हाती असते, त्याच्याकडून जास्त काळजीची अपेक्षा असते. ‘तुम्हाला लागू होणार नाही’ असे सांगून लागू झालेला बदल ही साधी तांत्रिक चूक म्हणून सोडून देता येत नाही. त्यात वापरणाऱ्याच्या हातात काही ठेवलेले नव्हते. बदल करण्यापूर्वी पडद्यावर एक प्रश्न विचारला असता, तरी बराच मनस्ताप वाचला असता.

मायक्रोसॉफ्टने आठवडाभरात अडचण मान्य केली, सप्टेंबरच्या अपडेटमधून तो बदल वगळला आणि तात्पुरता उपाय सांगितला. अधिकृतपणे प्रश्न सुटल्याची नोंद मात्र १३ मे २०२५ च्या अपडेटनंतर झाली. म्हणजे बरोबर नऊ महिने. विंडोजच बंद पडले असते तर नऊ महिने लागले असते का, हा प्रश्न लिनक्सवाल्यांनी विचारला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही.

दर वेळी कारण हेच असते?

नाही. किंबहुना रोजच्या तक्रारींतली बहुतेक कारणे याहून साधी असतात.

सर्वांत किरकोळ कारण म्हणजे क्रम बदलणे. विंडोजचे मोठे अपडेट किंवा फर्मवेअरचे अपडेट झाल्यावर मदरबोर्डवरच्या यादीत विंडोज पहिल्या क्रमांकावर जाऊन बसते. ग्रबची यादी दिसतच नाही. वाटते, लिनक्स उडाली. प्रत्यक्षात ती दुसऱ्या क्रमांकावर निमूट बसलेली असते.

उलटेही होते. ग्रबच्या २०२१ च्या २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधण्याचे काम सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेले असते. त्यामुळे लिनक्स अपडेट केल्यावर काहींच्या यादीतून विंडोज गायब झाले. ग्रबच्या सेटिंग फाइलमधली एक ओळ बदलून यादी नव्याने तयार केली की ते परत दिसते. तेवढेच काम.

तिसरा प्रकार घाईचा. जागा कमी पडते म्हणून कुणी विंडोजमध्ये बसून लिनक्सचे पार्टिशन उडवतो. ग्रबचा उरलेला भाग त्याच पार्टिशनमध्ये होता हे लक्षात येत नाही. पुढच्या वेळी पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच शब्द येतात आणि आता विंडोजही उघडत नाही. यूईएफआय असलेल्या संगणकात यादीतून थेट ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडले की विंडोज सुरू होते.

चौथा प्रकार नव्या लॅपटॉपवर दिसतो. लिनक्स टाकताना डिस्क दिसत नाही म्हणून फर्मवेअरमधले डिस्कचे सेटिंग ‘आरएसटी’ किंवा ‘व्हीएमडी’ वरून ‘एएचसीआय’वर नेले जाते. लिनक्स टाकली जाते, पण विंडोज निळ्या पडद्यावर अडते, कारण त्याला डिस्क ओळखता येत नाही. सेटिंग पूर्वीचे केले की विंडोज परत येते. ते बदलले होते हे आठवले पाहिजे, इतकेच.

काही वेळा बिघाड नसतोच. विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. त्यामुळे भारतात एका प्रणालीतून दुसरीत गेले की घड्याळ साडेपाच तासांनी चुकते आणि मदरबोर्डची बॅटरी बदलण्याचा सल्ला मिळतो. लिनक्समध्ये एक आज्ञा दिली की दोघांचे जमते. तसेच विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर बंद केलेला संगणक खरा पूर्ण बंद झालेला नसतो, आणि लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. हेही बिघाडात मोजू नये.

पहिल्या दहा मिनिटांत काय करावे?

आधी मोबाइलने पडद्याचा फोटो काढावा. संदेशातला एकेक शब्द महत्त्वाचा असतो. ‘काहीतरी इंग्रजीत आले होते’ एवढ्यावर कोणालाच मदत करता येत नाही.

मग संगणक बंद करून पुन्हा चालू करताना बूट मेनूची कळ दाबावी. डेल, लेनोव्हो आणि एसरच्या बहुतेक लॅपटॉपवर ती एफ-१२ असते, एचपीवर एफ-९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. या मेनूत दोन्ही प्रणालींची नावे दिसत असतील तर निम्मी काळजी मिटली. तेथून हवी ती सुरू करता येते आणि क्रम नंतर सावकाश दुरुस्त करता येतो.

पुढचे पाऊल टाकण्याआधी एक खबरदारी, आणि ती सर्वांत महत्त्वाची. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये विंडोजची डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असते. मालकाने ते मागितलेले नसते, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच ते आपोआप चालू होते. फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट बंद केले की बिटलॉकरला संशय येतो आणि ते ४८ आकडी किल्ली मागते. ती नसेल तर त्या डिस्कवरची माहिती कोणीही परत देऊ शकत नाही, दुकानदार नाही आणि मायक्रोसॉफ्टही नाही. ग्रबच्या बिघाडात माहिती क्वचितच जाते. ती जाते ती येथे, दुरुस्तीच्या भरात.

ही किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरूनही ती पाहता येते. पाहून कागदावर लिहून घ्यावी, कारण ती त्याच लॅपटॉपमध्ये साठवून ठेवण्यात अर्थ नाही. लॅपटॉप घेताना दुकानातल्या कुणी घाईत भलत्याच ई-मेलने खाते उघडून दिले असेल, तर किल्ली त्या खात्यात असते. असे झाले आहे का, हे आजच पाहिलेले बरे.

किल्ली हाती आली की लिनक्सचा बूटेबल पेनड्राइव्ह लावावा. तो ताज्या आवृत्तीचा असावा, जुना असेल तर ऑगस्ट २०२४ सारख्या नियमात तोही अडकेल. पेनड्राइव्हवरून लिनक्स काहीही न टाकता, ‘ट्राय’ हा पर्याय निवडून चालवता येते. आत गेल्यावर डिस्कवरची पार्टिशने दिसतात, फाइली दिसतात. हव्या त्या फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्याव्यात. येथपर्यंत आल्यावर पुढे काहीही झाले तरी नुकसान वेळेचेच होईल.

दुरुस्ती त्यानंतर. पेनड्राइव्हवरून ग्रब नव्याने बसवता येतो. आज्ञा लिहिण्याची सवय नसेल तर ‘बूट-रिपेअर’ हे साधन ते काम एका बटणावर करते. विंडोजचा स्टार्टर बिघडला असेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा त्याच्या फाइली परत जागेवर ठेवते. आणि अडचण एसबॅटची असेल, तर सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जायचे, ‘मॉक-यूटिल’ या साधनाने एसबॅटचा नियम पुसायचा, लिनक्स अद्ययावत करून नवी शिम घ्यायची आणि एकदा रीस्टार्ट केल्यावर सिक्युअर बूट परत चालू करायचे. शेवटची पायरी लोक हमखास विसरतात. संगणक चालू झाला की सिक्युअर बूट महिनोन्महिने बंदच राहते.

दुकानदार फॉरमॅटच का सुचवतो?

त्यात लबाडी असतेच असे नाही. फॉरमॅटला ठरावीक वेळ लागतो, निकाल खात्रीचा असतो आणि त्याचा दर ग्राहकाला माहीत असतो. उलट बूटचा दोष शोधायला दहा मिनिटे लागतील की तीन तास, हे आधी सांगता येत नाही. त्या शोधाचे पैसे द्यायला ग्राहक तयार नसतो. शिवाय लिनक्सचे पार्टिशन विंडोजमधून पाहिले तर त्याला नाव नसते, अक्षर नसते. रिकामी जागाच वाटावी असे ते दिसते, आणि विंडोज टाकताना ‘ही जागा वापरू का’ या प्रश्नाला सहज होकार दिला जातो. म्हणून लॅपटॉप दुकानात देताना दोन वाक्ये लिहून द्यावीत : यात दोन प्रणाली आहेत, आणि विचारल्याशिवाय एकही पार्टिशन पुसू नये. डेटा आधी काढून देण्याचे वेगळे पैसे मागितले तर ते रास्त समजावेत.

हा विषय आता का महत्त्वाचा?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे पण धडधाकट संगणक घराघरांत आहेत. टाकून देण्याऐवजी त्यावर लिनक्स टाकून पाहावी असे अनेकांना वाटते, आणि नवखा माणूस विंडोज एकदम काढत नाही, शेजारी लिनक्स ठेवतो. म्हणजे दोन बिऱ्हाडांचे वाडे वाढणार.

त्यातच सिक्युअर बूटची मूळ प्रमाणपत्रे २०११ ची आहेत आणि त्यांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते. शिमवरची सही ज्या प्रमाणपत्राची असते, तेही त्यात आहे. मुदत संपली म्हणून आज चालणारी लिनक्स त्या दिवशी बंद पडत नाही, कारण फर्मवेअर सहसा सहीची तारीख तपासत नाही. प्रश्न नंतरचा आहे. पुढच्या शिमवर २०२३ च्या नव्या प्रमाणपत्राची सही असेल, आणि ज्या मदरबोर्डवर ते प्रमाणपत्र पोहोचलेले नाही, तो नव्या शिमला ओळखणार नाही. विंडोज अपडेटमधून आणि लिनक्समधल्या ‘एफडब्ल्यूयूपीडी’ या साधनातून ती नवी प्रमाणपत्रे दिली जात आहेत. काही संगणकांना त्यासाठी उत्पादक कंपनीचे फर्मवेअर अपडेट लागते, आणि पाच-सात वर्षे जुन्या मॉडेलसाठी कंपन्या ते काढतीलच असे नाही. असा संगणक ज्यांच्याकडे आहे, त्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचे शेवटचे फर्मवेअर कधी आले ते पाहावे, आणि ते टाकण्यापूर्वी बिटलॉकरची किल्ली कागदावर आहे ना, याची खात्री करावी.